छोट्या धंद्यासाठी वीजदर कसा ठरवायचा: अर्जावर सही करण्याआधीची तयारी

मोबाइलच्या रिचार्जसारखे विजेचे प्लॅन महावितरणच्या कार्यालयात फळ्यावर लावलेले नसतात. तिथे कोणी तुम्हाला ‘कोणता दर देऊ?’ असं विचारत नाही. तरीही दर ठरतो, आणि तो तुम्ही अर्जात काय लिहिता त्यावरून ठरतो. विजेचा वापर कशासाठी करणार, एकूण लोड किती आणि काम दिवसाच्या कोणत्या वेळी चालणार, या तीन उत्तरांत बिलाचा बहुतेक निकाल लागतो. अडचण अशी की ही उत्तरं पुष्कळदा वायरिंगचा कंत्राटदार लिहितो आणि धंद्याचा मालक सही करून मोकळा होतो.

प्रति युनिट दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. त्यात शाखा अभियंत्याला किंवा एजंटला घासाघीस करायला जागा नाही. ‘साहेबांशी बोलून रेट कमी करून देतो’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. आयोगाचे आदेश बदलत राहतात, म्हणून या लेखात युनिटचे रुपये मुद्दाम दिलेले नाहीत. ते महावितरणच्या संकेतस्थळावरच्या ताज्या दरपत्रकात पाहावेत. दरपत्रक वाचायचं कसं आणि आपण त्यात कुठे बसतो, ते इथे पाहू.

पहिली पायरी: जागेचं जुनं बिल हातात घ्या

गाळा भाड्याने घेत असाल तर अनामत देण्याआधी मालकाकडून शेवटचं वीजबिल मागा. त्यावर ‘दर संकेत’ छापलेला असतो आणि जोडणी घरगुती, व्यापारी की औद्योगिक ते त्यातून कळतं. शेजारी मंजूर भार, म्हणजे जोडणीला परवानगी असलेला एकूण लोड, किलोवॉटमध्ये असतो. थकबाकीचा रकानाही बघा. असेल तर ती मालकाकडून आधी मिटवून घ्या, नाहीतर तुमचा अर्ज त्याच्या जुन्या उधारीवर अडून बसेल.

मालक म्हणतो, ‘मीटर आहे ना, वापरा तेच.’ त्या मीटरचा दर संकेत तुमच्या कामाशी जुळत असेल तरच वापरा. का, ते पुढच्या पायरीत येतं.

दुसरी पायरी: आपली वर्गवारी ओळखा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात किंवा जातात, म्हणून इथे घाई नको.

लघुदाब, म्हणजे घर-दुकानांना मिळते तशा कमी व्होल्टेजच्या जोडणीत छोट्या धंद्याला दोन वर्गवाऱ्या महत्त्वाच्या. एलटी टू म्हणजे अनिवासी, बोलीभाषेत कमर्शियल. एलटी फाइव्ह म्हणजे औद्योगिक. कमर्शियलचा युनिट दर औद्योगिकपेक्षा बराच चढा असतो. वर वीज शुल्कातही, म्हणजे बिलावरच्या राज्य शासनाच्या करातही, फरक आहे: कमर्शियलला ते २१ टक्के लागतं, उद्योगाला त्याच्या निम्म्याहूनही कमी. तीच मोटर, तेवढेच युनिट, पण बिल वेगळं.

फरक ‘उत्पादन होतं का’ या प्रश्नावर आहे, दुकान दिसायला कसं आहे यावर नाही. काही जोड्या पाहा. कपडे शिवणारं टेलरचं दुकान कमर्शियल. तयार कपड्यांचं उत्पादन करणारं युनिट औद्योगिक. आइस्क्रीम पार्लर कमर्शियल. आइस्क्रीम बनवण्याचा कारखाना औद्योगिक. मोटारगाड्यांचं गॅरेज कमर्शियल. इंजिनिअरिंग वर्कशॉप औद्योगिक. झेरॉक्सचं दुकान कमर्शियल, छापखाना औद्योगिक. पिठाची गिरणी, डाळ मिल, भात मिल, पोहा मिल, मसाला कांडप आणि सॉ मिल यांची नावं तर आयोगाच्या आदेशात औद्योगिक वर्गात सरळ लिहिलेली आहेत. तरीही बाजारपेठेतल्या गाळ्यात आहे एवढ्याच कारणाने कमर्शियल मीटरवर चाललेली गिरणी सापडते, आणि मालकाला वाटतं गावातल्या सगळ्या गिरण्यांचं बिल एवढंच येत असणार.

लॉन्ड्री, ब्यूटी पार्लर, सलून, जिम, हॉटेल, लॉज, मंगल कार्यालय, संगणक प्रशिक्षण वर्ग आणि ऑफिस यांना कमर्शियलच लागू होतं. त्यात पळवाट शोधण्यात वेळ घालवू नका.

‘माझ्याकडे उद्यम नोंदणी आहे, मला इंडस्ट्रियल मिळायलाच हवं’ असं बरेच जण म्हणतात. उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडची लघुउद्योगाची नोंदणी, सेवा देणाऱ्यांनाही मिळते, त्यामुळे नुसत्या प्रमाणपत्रावर औद्योगिक दर मिळत नाही. प्रत्यक्ष जागेवर काय होतं ते पाहिलं जातं. मात्र नोंदणीतच उत्पादनाचा प्रकार नीट भरलेला असेल तर अर्जाला चांगला आधार मिळतो.

मागे कारखाना आणि पुढे विक्रीचा काउंटर अशी जागा असेल, उदाहरणार्थ फरसाणाची, तर दोन्ही भाग भिंत घालून वेगळे करा आणि दोन मीटर घ्या. पुढचा मीटर कमर्शियल, मागचा औद्योगिक. एकाच मीटरवर दोन्ही चालवलं तर तपासणीच्या दिवशी वाद ठरलेला. कारखान्याच्याच आवारातलं त्याचं ऑफिस किंवा कामगारांचं कॅन्टीन मात्र त्याच औद्योगिक जोडणीवर चालतं, त्यासाठी वेगळा खर्च नको.

या दोनच वर्गवाऱ्या आहेत असं समजू नका. कुक्कुटपालन, रोपवाटिका, हरितगृह, अळिंबी, मत्स्यपालन, रेशीम आणि शेतमालाचं शीतगृह यांच्यासाठी ‘कृषी – इतर’ अशी वेगळी वर्गवारी आहे. शाळा, रुग्णालयं आणि पॅथॉलॉजी लॅब सार्वजनिक सेवांच्या वर्गात येतात. खासगी शिकवणीला शाळेचा दर मिळत नाही. यंत्रमागांना औद्योगिकमध्येच स्वतंत्र उपवर्ग आहे. वार्पिंग, डबलिंग, ट्विस्टिंगही त्यातच येतं आणि त्यावर राज्य शासनाची सवलत आहे. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, विटा इथल्या मंडळींना हे सांगायची गरज नाही.

आणि घरातून चालणारा धंदा? पोळीभाजीचे डबे, पापड-लोणची, शिवणकाम, शिकवणी. यांच्यासाठी एक चांगली तरतूद आहे आणि ती फारशी कोणाला ठाऊक नसते. घराच्या काही भागात व्यवसाय असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा एकूण वापर ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागू राहतो. आर्थिक वर्ष संपलं की हिशेब पाहिला जातो, आणि ३,६०० ओलांडले असतील तर पुढे हा दर मिळत नाही. राहत्या घरातून काम करणारे वकील, डॉक्टर, सीए, अभियंते यांनाही घरगुती दर आहे. नर्सिंग होम किंवा शस्त्रक्रियेची खोली असेल तर नाही. म्हणून डब्यांचा व्यवसाय वाढत असेल तर मोठा फ्रीझर घेण्याआधी वर्षाचे युनिट मोजा.

चुकीच्या वर्गवारीचा धोका किती? वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार, मंजूर कारणाखेरीज दुसऱ्या कामासाठी वीज वापरणं हा अनधिकृत वापर ठरतो. आकारणी लागू दराच्या दुप्पट होते, आणि वापर कधीपासून सुरू आहे ते ठरवता आलं नाही तर मागचे बारा महिने धरले जातात. घरगुती मीटरवर दुकान चालवून वाचवलेले पैसे एका भेटीत परत जातात. भाड्याच्या जागेत तर आणखी एक पेच: मीटर मालकाच्या नावावर आणि वापर तुमचा. म्हणून भाडेकरारात विजेचा वापर कशासाठी होणार आणि वर्गवारी बदलून घेण्याची जबाबदारी कोणाची, हे एका ओळीत लिहून घ्या.

तिसरी पायरी: लोड मोजा, आणि २० किलोवॉटची रेघ लक्षात ठेवा

प्रत्येक यंत्राच्या पाटीवर एचपी किंवा किलोवॉट लिहिलेलं असतं. एक एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॉट. कागदावर यादी करा.

एका गिरणी-कांडपाचं उदाहरण घेऊ. चक्की १० एचपी, पल्व्हरायझर साडेसात एचपी, मिरची कांडपाचा डंका ३ एचपी. एकूण साडेवीस एचपी, म्हणजे सुमारे १५.३ किलोवॉट. दिवे-पंखे धरून १६. आता मालकाला लाकडी घाणा बसवायचा आहे, ५ एचपीचा. झाले १९.७ किलोवॉट. त्यानंतर चाळणीसाठी २ एचपीची मोटर आली की आकडा २१ च्या वर गेला.

हा १९.७ आणि २१ मधला फरक यंत्रांच्या दृष्टीने किरकोळ, पण दरपत्रकात मोठा आहे. २० किलोवॉटपर्यंत स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो दरमहा लागणारी रक्कम, जोडणीमागे एकच असतो. मंजूर भार ६ असो की १९, तो तेवढाच. २० च्या वर गेलात की स्थिर आकाराच्या जागी केव्हीएवर (यंत्रं एका वेळी ओढतात त्या एकूण विजेचं माप) मागणी आकार सुरू होतो, युनिटचा दर वेगळा लागतो, वेळेनुसार दर सक्तीचा होतो आणि पॉवर फॅक्टरकडेही (ओढलेल्या विजेपैकी किती कामी येते त्याचं प्रमाण) लक्ष द्यावं लागतं. म्हणून यादी १८ ते २२ च्या मध्ये येत असेल तर प्रत्येक यंत्राचा पुन्हा विचार करा. सगळं एकाच वेळी लागणार आहे का? साडेसातच्या जागी ५ एचपीची मोटर पुरेल का? अनेकदा पुरते. मात्र लोड कागदावर कमी दाखवून जागेवर जास्त यंत्रं लावू नका. जोडलेला भार तपासणीत मोजला जातो.

२० च्या वर जाणं भागच असेल तर ‘कॉन्ट्रॅक्ट डिमांड’ हा शब्द शिकून घ्या. एकाच वेळी जास्तीत जास्त किती मागणी येईल त्याचा हा करार असतो, केव्हीएमध्ये. प्रत्यक्ष चालणारा भार २४ किलोवॉट आणि पॉवर फॅक्टर ०.९ असेल तर मागणी येते २६.७ केव्हीए. मोटर सुरू होतानाचा क्षणभराचा झटका मीटर धरत नाही, काही मिनिटांची सरासरी धरतो. त्यामुळे आकडा फुगतो तो मोठी यंत्रं एकाच वेळी चालवल्याने. दोन मोठी यंत्रं आळीपाळीने चालवण्याची शिस्त लावली तर डिमांड खाली राहते, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च येत नाही.

डिमांड किती घ्यावी? करारापेक्षा जास्त मागणी नोंदली गेली तर जादा केव्हीएवर दीडपट मागणी आकार लागतो. एका कॅलेंडर वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा असं झालं तर आयोगाच्या पुरवठा संहितेप्रमाणे (वीजपुरवठ्याच्या नियमांप्रमाणे) पुढची कारवाई होते. उलट बाजूला, मागणी कमी आली तरी कराराच्या ठराविक टक्क्यांएवढं भरावंच लागतं. माझं मत: अंदाज किंचित वरच्या बाजूला ठेवा, पण ‘पुढे धंदा वाढेल’ म्हणून दुप्पट घेऊ नका. लोड नंतर वाढवता येतो. वर्षभर न वापरलेल्या डिमांडचे पैसे मात्र कोणी परत देत नाही. दिवाळीच्या महिन्यात एकदा मर्यादा ओलांडली गेली म्हणून लगेच करार बदलायला धावण्याचीही गरज नाही.

पॉवर फॅक्टरचा उपाय म्हणजे कॅपॅसिटर. वेल्डिंग मशीन आणि अर्धवट भारावर फिरणाऱ्या मोटरा पॉवर फॅक्टर खाली खेचतात. उच्चदाब (जास्त व्होल्टेजच्या) ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच, म्हणजे केव्हीएच्या मापाने मोजलेल्या युनिटवर बिल येतं, म्हणजे खराब पॉवर फॅक्टर थेट युनिट वाढवतो. २० किलोवॉटच्या वरच्या लघुदाब ग्राहकानेही चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून कॅपॅसिटर मोजून बसवावेत. अंदाजपंचे मोठा कॅपॅसिटर लावला तर पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला जातो.

चौथी पायरी: वेळेनुसार दर घ्यायचा का?

हा एकच भाग खऱ्या अर्थाने ऐच्छिक आहे, तोही २० किलोवॉटपर्यंतच्यांना. महावितरणच्या दररचनेत २० च्या वरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार दर) सक्तीचा आहे. त्याखालच्यांना टीओडी मीटर असेल तर तो घेता येतो. केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल करून १० किलोवॉटच्या वरच्या व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर लावावेत असं म्हटलं आहे. त्यामुळे आज ऐच्छिक असलेलं उद्या सक्तीचं होईल, हे धरून चला.

इथे जुन्या जाणत्यांचा सल्ला मात्र जपून घ्या. वर्षानुवर्षं गणित असं होतं: रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सूट, सकाळी ९ ते १२ ऐंशी पैसे जादा, संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जादा. त्यामुळे रात्रपाळी स्वस्त, हे डोक्यात पक्कं बसलं. आता सौर वीज दुपारी मुबलक असते, म्हणून वारं उलटं फिरलं आहे. केंद्राच्या नियमांत सौर तासांचा दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि कमाल मागणीच्या तासांचा दर व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना किमान १.२ पट ठेवायला सांगितलं आहे. आयोगाच्या २०२५ च्या दरआदेशांतही सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ कडे सरकली आणि ५ नंतरचे तास महाग झाले. रात्रीच्या जुन्या सवलतीवर पाळ्या आखत असाल तर आधी ताजं दरपत्रक उघडा.

मग कोणाला परवडेल? गिरणी, कांडप, फॅब्रिकेशन, शिवणकामाचं युनिट आणि दिवसा चालणारा छापखाना यांनी जरूर घ्यावा. त्यांचं काम तसंही दिवसाउजेडी होतं. बर्फाचा कारखाना किंवा शीतगृह असेल तर दुपारी जास्त थंड करून संध्याकाळी कॉम्प्रेसर कमी चालवता येतो, त्यामुळे फायदा आणखी. हॉटेल, बार, जिम, मंगल कार्यालय यांचा धंदाच संध्याकाळचा. सक्ती नसेल तोवर त्यांनी आपण होऊन मागू नये. पहाटे तीनला भट्टी पेटवणाऱ्या बेकरीने आपले तास कोणत्या पट्ट्यात पडतात ते मोजून ठरवावं.

मोजायचं कसं? स्मार्ट मीटर बसला असेल तर महावितरणच्या अ‍ॅपवर वेळेप्रमाणे वापर दिसतो. नसेल तर आठवडाभर सकाळी ९, संध्याकाळी ५ आणि रात्री दुकान बंद करताना मीटरचं रीडिंग वहीत लिहा. ९ ते ५ चा वापर निम्म्याहून खूप जास्त असेल तर उत्तर मिळालं.

पाचवी पायरी: पुरवठादार कोण?

राज्याच्या बहुतेक भागात महावितरणच, त्यामुळे प्रश्न संपला. भिवंडीत टोरंट पॉवर ही फ्रँचायझी बिल देते, पण दर महावितरणचेच. निवड आहे ती मुंबईत. उपनगरांत अदानी इलेक्ट्रिसिटी आणि टाटा पॉवर यांच्यातून निवडता येतं. मुलुंड-भांडुपला महावितरण आहे. शहर भागात बेस्ट. उपनगरात तुलना करताना नुसता युनिट दर बघू नका. तारा एका कंपनीच्या आणि वीज दुसरीची असेल तर वहन आकार (तारांच्या वापराचं शुल्क) आणि अधिभार वेगळे लागतात. आपल्या वापराचं पूर्ण महिन्याचं बिल दोन्ही दरपत्रकांवर मांडून पाहा. गोव्यात राज्याचा वीज विभाग पुरवठा करतो आणि दर संयुक्त विद्युत नियामक आयोग ठरवतो. वर सांगितलेले वर्ग आणि मर्यादा तिथे जशाच्या तशा लावू नयेत.

सहावी पायरी: अर्ज

नव्या जोडणीचा ए-वन अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर भरता येतो. सोबत ओळखपत्र, जागेचा पुरावा, भाड्याची जागा असेल तर करार आणि मालकाचं ना हरकत पत्र, शॉप अ‍ॅक्ट किंवा उद्यम नोंदणी, आणि परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट. ‘वापराचा हेतू’ या रकान्यात ‘व्यवसाय’ असं मोघम लिहू नका. ‘पिठाची गिरणी व मसाला कांडप’ किंवा ‘तयार कपड्यांचं उत्पादन’ असं नेमकं लिहा. फॉर्म कंत्राटदाराने भरला तरी हा रकाना आणि किलोवॉटचा आकडा स्वतः वाचल्याशिवाय सही नको.

मग कोटेशन येतं. त्यातही वर्गवारी छापलेली असते. चुकली असेल तर पैसे भरण्याआधी लेखी कळवा. सुरक्षा ठेव साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी असते आणि तिच्यावर दरवर्षी व्याज मिळतं. पुढे वापर वाढला की ठेवीतला फरक मागणारं बिल येतं. ते पाहून घाबरू नका.

विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र किंवा डी, डी-प्लस (शासनाच्या यादीत औद्योगिकदृष्ट्या मागास) तालुक्यात कारखाना काढत असाल तर औद्योगिक वीजदरातल्या शासकीय सवलतीची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात त्याच वेळी करा. औद्योगिक वर्गवारी नसेल तर ही सवलतही हातची जाते.

छतावर सौर पॅनल लावून देणारे लगेच दारात येतील. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान फक्त घरगुती ग्राहकांना आहे. धंद्याच्या मीटरवर ते मिळवून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. अनुदान नसतानाही कमर्शियल दर भरणाऱ्याला सौर परवडू शकतं, पण एक वर्षाची बिलं हातात आल्यावरच हिशेब करा.

पहिलं बिल आल्यावर

दर संकेत, मंजूर भार, फेज आणि मीटर क्रमांक अर्जाशी जुळवून पाहा. मग ओळी वाचा: स्थिर किंवा मागणी आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार (इंधन आणि वीजखरेदीच्या खर्चातला फरक), वीज शुल्क. इंधन समायोजन महिन्यागणिक बदलतं, त्यामुळे दोन महिन्यांच्या बिलांची तुलना एकूण रकमेवर करू नका, युनिटवर करा. बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर तत्पर भरण्याची १ टक्का सूट मिळते, ऑनलाइन भरलं तर आणखी पाव टक्का. रक्कम लहान, पण फुकटची.

वर्गवारी चुकीची लागली असेल तर उपविभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जायला हवं. त्यानंतर विद्युत लोकपाल, मुंबई आणि नागपूर इथे. कलम १२६ ची आकारणी आली असेल तर रस्ता वेगळा आहे, ती प्रकरणं मंचाकडे चालत नाहीत. आधी तात्पुरत्या आकारणीवर लेखी हरकत द्यायची, आणि अंतिम आदेशानंतर ३० दिवसांत कलम १२७ खाली अपील करायचं. त्यासाठी आकारणीची निम्मी रक्कम आधी भरावी लागते.